खिडक्यांवरील सौर नियंत्रण फिल्म

सौर नियंत्रण फिल्म (बोलीभाषेत ‘सन कंट्रोल फिल्म’, ‘विंडो फिल्म’ किंवा नुसतेच ‘काचेची फिल्म’) हे खिडकीच्या काचेवर चिकटवण्याचे पॉलिएस्टरचे पातळ, पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक पटल होय. काचेतून खोलीत शिरणाऱ्या सौर उष्णतेचा काही भाग परावर्तित करून किंवा शोषून घेऊन खोली कमी तापवणे, वातानुकूलनावरील विजेचा खर्च घटवणे, डोळ्यांवर येणारी तिरीप कमी करणे आणि अतिनील किरणांमुळे पडदे, पुस्तके व लाकडी सामान यांचा रंग उडण्याचा वेग मंदावणे ही तिची मुख्य कामे आहेत. जुनी काच न काढता तिचे गुणधर्म बदलता येतात, हे या फिल्मच्या प्रसाराचे प्रमुख कारण आहे. नव्या इमारतीत लेपयुक्त काच बसवण्याचा पर्याय असतो. उभ्या असलेल्या इमारतीत, विशेषतः भाड्याच्या घरात, तो बहुधा नसतो.

काचेतून येणारी उष्णता

जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेचे तरंगलांबीनुसार तीन भाग पडतात. सुमारे ३८० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या अतिनील किरणांत एकूण ऊर्जेचा ३ ते ५ टक्के इतकाच वाटा असतो. ३८० ते ७८० नॅनोमीटर या पट्ट्यातील दृश्य प्रकाशात सुमारे ४४ टक्के ऊर्जा असते. उरलेली, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक ऊर्जा, ७८० ते २५०० नॅनोमीटरच्या दरम्यानच्या अवरक्त किरणांत असते. ‘अवरक्त म्हणजे उष्णता आणि दृश्य म्हणजे नुसता उजेड’ अशी समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. दृश्य प्रकाशही जमिनीवर, भिंतीवर किंवा सामानावर पडून शोषला गेला की त्याची उष्णताच होते. त्यामुळे भरपूर उजेड आत सोडणारी कोणतीही फिल्म सौर उष्णता पूर्णपणे अडवू शकत नाही. ही मर्यादा उत्पादनाच्या दर्जाची नाही, भौतिकशास्त्राची आहे.

साधी स्वच्छ काच या तिन्ही पट्ट्यांपैकी बहुतांश ऊर्जा आत येऊ देते. आत आलेली ऊर्जा शोषून तापलेल्या वस्तू पुन्हा ऊर्जा बाहेर टाकतात, परंतु ती दीर्घ तरंगलांबीच्या अवरक्त किरणांच्या रूपात. आणि या किरणांना साधी काच जवळजवळ अपारदर्शक असते. शिवाय बंद काचेमुळे तापलेली हवाही बाहेर पडू शकत नाही. बंद खिडकीची पश्चिमाभिमुख खोली संध्याकाळी बाहेरच्या हवेपेक्षाही तापलेली आढळते, ती या दोन कारणांनी. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार प्रमाणित दुहेरी काचेच्या खिडकीवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे ७६ टक्के भाग आत येऊन उष्णतेत रूपांतरित होतो. भारतातील घरांत सर्वत्र दिसणाऱ्या एकेरी काचेत हे प्रमाण याहून जास्त असते.

फिल्म लावल्यावर काचेवर पडलेल्या ऊर्जेच्या तीन वाटा होतात: काही परावर्तित होते, काही आरपार जाते आणि काही काच व फिल्म मिळून शोषतात. शोषलेल्या ऊर्जेने काच तापते आणि ती उष्णता दोन्ही बाजूंना सोडते. बाहेर वारा अधिक असल्याने त्यातील मोठा हिस्सा बाहेर जातो, पण एकेरी काचेत साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश हिस्सा खोलीत येतोच. म्हणून समान गडदपणाच्या दोन फिल्मपैकी परावर्तन करणारी फिल्म शोषण करणाऱ्या फिल्मपेक्षा घर अधिक थंड ठेवते. काळपट फिल्म लावलेल्या खिडकीजवळ बसल्यावर उजेड कमी असूनही काचेची धग जाणवते, त्याचे कारण हेच.

मोजमापाची परिमाणे

सौर उष्णता लाभ गुणांक हे सर्वांत उपयोगी परिमाण आहे. काचेवर पडलेल्या सौर ऊर्जेपैकी थेट पारगमनाने आणि शोषणानंतर पुन्हा उत्सर्जित होऊन मिळून किती भाग आत येतो, हे तो ० ते १ या अंकांत सांगतो. ३ मिलिमीटर जाडीच्या स्वच्छ काचेचा गुणांक सुमारे ०.८७ आणि ६ मिलिमीटरच्या काचेचा सुमारे ०.८२ असतो. फिल्म विक्रेते हीच गोष्ट उलट बाजूने, ‘एकूण सौर ऊर्जा प्रतिबंध’ म्हणजे टीएसईआर या नावाने टक्केवारीत सांगतात, गुणांक ०.४५ असेल तर टीएसईआर ५५ टक्के होतो. जुन्या तक्त्यांत आढळणारा ‘छाया गुणांक’ म्हणजे सौर उष्णता लाभ गुणांक भागिले ०.८७. दृश्य प्रकाश पारगम्यता (व्हीएलटी) ही किती उजेड आत येतो हे दाखवते; स्वच्छ काचेत ती ९० टक्क्यांच्या आसपास असते. उजेड आणि उष्णता यांच्या गुणोत्तरावरून, म्हणजे व्हीएलटी भागिले सौर उष्णता लाभ गुणांक यावरून, फिल्म किती ‘निवडक’ आहे ते कळते. साध्या काचेत हे गुणोत्तर १ च्या जवळ असते, १.२५ किंवा अधिक असल्यास ती वर्णपटनिवडक मानली जाते.

बाजारात मात्र सर्वाधिक ठळकपणे छापला जाणारा आकडा ‘अवरक्त प्रतिबंध’ हा असतो आणि तोच सर्वाधिक फसवा आहे. एखाद्या फिल्मचा अवरक्त प्रतिबंध ९० टक्के आणि दृश्य प्रकाश पारगम्यता ७० टक्के आहे असे समजू. तिच्यातून दृश्य पट्ट्यातील सुमारे ३१ आणि अवरक्त पट्ट्यातील सुमारे ५ टक्के, म्हणजे एकंदर ३५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा थेट आत येते. ती मुख्यत्वे शोषण करणारी असेल, तर शोषलेल्या ऊर्जेपैकी आणखी सुमारे १५ टक्के खोलीत उतरते. म्हणजे ‘९० टक्के’ लिहिलेली ही फिल्म एकूण उष्णता निम्म्याच्या आसपासच अडवते. दुकानात दाखवले जाणारे उष्णता-दिव्याचे प्रात्यक्षिकही असेच असते. अशा दिव्याची ऊर्जा बहुतांशी अवरक्त पट्ट्यात असते, तर सूर्याची जवळजवळ निम्मी ऊर्जा दृश्य पट्ट्यात असते. त्यामुळे दिव्यापुढे उत्तम ठरलेली फिल्म उन्हात तितकी प्रभावी असेलच असे नाही. शिवाय काही उत्पादक अवरक्त प्रतिबंध ९०० ते १००० नॅनोमीटरसारख्या अरुंद पट्ट्यातच मोजतात. तुलना करताना टीएसईआर किंवा सौर उष्णता लाभ गुणांक पाहणे आणि तो आयएसओ ९०५०, युरोपीय ईएन ४१० किंवा अमेरिकेतील राष्ट्रीय खिडकी मानांकन परिषदेच्या (एनएफआरसी) पद्धतीने काढलेला आहे का, हे तपासणे योग्य ठरते.

इतिहास

या फिल्मचा पाया असलेले पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट (पीईटी) हे पॉलिएस्टर १९४१ मध्ये इंग्लंडमधील कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनचे रसायनशास्त्रज्ञ जॉन रेक्स व्हिनफील्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन यांनी तयार केले. त्याच्या ताणलेल्या पातळ पटलाचे उत्पादन १९५० च्या दशकात अमेरिकेत ‘मायलर’ आणि ब्रिटनमध्ये ‘मेलिनेक्स’ या नावांनी सुरू झाले. निर्वात कक्षात अ‍ॅल्युमिनियमची वाफ करून तिचा अतिसूक्ष्म थर पॉलिएस्टरवर चढवण्याचे तंत्र याच काळात रुळले. १२ ऑगस्ट १९६० रोजी अवकाशात सोडलेला ‘एको १’ हा सुमारे ३० मीटर व्यासाचा फुग्यासारखा उपग्रह अशाच चकचकीत पटलाचा होता. काचेवरील चंदेरी फिल्म ही त्याच तंत्राची घरगुती भावंडे म्हणता येतील.

खिडकीवर चिकटवण्याच्या फिल्मचे पेटंट अमेरिकेतील ३एम कंपनीला १९६६ मध्ये मिळाले. मोठमोठ्या काचेच्या भिंतींच्या कार्यालयीन इमारती तेव्हा उभ्या राहत होत्या आणि त्यांतील तिरीप व उष्णता हा नित्याचा त्रास होता. सुरुवातीच्या फिल्म चंदेरी, आरशासारख्या आणि उजेडही बराच अडवणाऱ्या होत्या. १९७३ च्या तेल संकटानंतर इमारतींतील ऊर्जावापराकडे सरकारांचे लक्ष गेले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कमी उत्सर्जकतेच्या लेपांवर संशोधनाला चालना मिळाली. त्यातून उजेड आत घेणारे, पण उष्णता परतवणारे अदृश्यप्राय धातुलेप व्यवहारात आले. पुढे धातूऐवजी ऑक्साइडांचे सूक्ष्म कण वापरणाऱ्या ‘सिरॅमिक’ फिल्म आणि निरनिराळ्या बहुवारिकांचे शेकडो अतिपातळ थर रचून तयार केलेल्या धातुरहित फिल्म बाजारात आल्या.

भारतातील उत्पादनात महाराष्ट्राचा वाटा महत्त्वाचा आहे. गरवारे पॉलिएस्टर (२०२१ पासून गरवारे हाय-टेक फिल्म्स) या कंपनीच्या छत्रपती संभाजीनगर येथील वाळूज व चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत पॉलिएस्टर पटल आणि सौर नियंत्रण फिल्म तयार होते व परदेशांतही निर्यात केली जाते.

रचना

घरगुती सौर फिल्मची जाडी साधारण २५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे मानवी केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. काचेकडील बाजूस दाबसंवेदी अ‍ॅक्रिलिक गोंद असतो. त्यावरील संरक्षक कागद किंवा पटल बसवताना सोलून टाकतात. गोंदात किंवा पॉलिएस्टरमध्ये अतिनील शोषक द्रव्य मिसळलेले असते. त्यानंतर पॉलिएस्टरचे एक किंवा अधिक थर आणि त्यांच्यामध्ये रंग, धातू किंवा सिरॅमिक कणांचा कार्यकारी थर येतो. खोलीकडील पृष्ठभागावर ओरखडे न पडण्यासाठी कठीण लेप असतो.

प्रकार

रंगीत फिल्म सर्वांत स्वस्त असते. ती उजेड शोषून तिरीप कमी करते; उष्णतेच्या दृष्टीने तिचा लाभ मर्यादित आहे. हलक्या प्रतीचा रंग काही वर्षांत जांभळट पडतो, हे रस्त्यावरून जाताना जुन्या दुकानांच्या काचांवर सहज दिसते.

धातुलेपित परावर्ती फिल्ममध्ये अ‍ॅल्युमिनियमसारख्या धातूचा थर असतो. पैशांच्या मानाने सर्वाधिक उष्णता हीच फिल्म अडवते. मात्र बाहेरून ती आरशासारखी दिसते आणि धातूच्या थरामुळे मोबाइलच्या लहरी काही प्रमाणात क्षीण होतात. आधीच संकेत कमी पोहोचणाऱ्या घरात हा दोष जाणवण्याजोगा ठरतो. आयनांच्या माऱ्याने धातूचे कण बसवलेली, म्हणजे ‘स्पटर’ पद्धतीची फिल्म अधिक समरूप व टिकाऊ असते.

सिरॅमिक फिल्ममध्ये अँटिमनीयुक्त टिन ऑक्साइड, लँथॅनम हेक्साबोराइड किंवा सीझियम टंगस्टन ऑक्साइड यांसारख्या संयुगांचे नॅनोकण असतात. ते अवरक्त किरण निवडकपणे शोषतात व दृश्य प्रकाश बराचसा जाऊ देतात. मोबाइलच्या संकेतांना त्यांचा अडथळा होत नाही. किंमत जास्त असते आणि मुख्य काम शोषणाचे असल्याने काच तापते. बहुस्तरीय धातुरहित फिल्म अवरक्त किरण शोषण्याऐवजी व्यतिकरणाच्या तत्त्वाने परतवते; ती सर्वांत महागड्या वर्गात मोडते.

कमी उत्सर्जकतेची फिल्म थोडी वेगळी आहे. साध्या काचेची उत्सर्जकता सुमारे ०.८४ असते, म्हणजे तापलेली काच आपली उष्णता प्रारणाद्वारे सहज खोलीत फेकते. या फिल्मच्या खोलीकडील पृष्ठभागाची उत्सर्जकता बरीच कमी असल्याने ते प्रारण घटते, आणि थंड प्रदेशांत खोलीतील उब बाहेर जाणेही घटते. हिवाळा व उन्हाळा दोन्ही तीव्र असलेल्या ठिकाणी ती उपयुक्त ठरते.

सुमारे १०० मायक्रॉन व त्याहून जाड सुरक्षा फिल्म मुख्यतः काच फुटल्यावर तुकडे धरून ठेवण्यासाठी, तर दुधी फिल्म आडोशासाठी वापरतात. उष्णता नियंत्रण हा त्यांचा मुख्य हेतू नसतो, तरी दोन्ही गुण एकत्र असलेली उत्पादनेही मिळतात.

दिशा, ऋतू आणि फिल्मची उपयुक्तता

फिल्मचा लाभ तिच्या प्रतीइतकाच खिडकी कोणत्या दिशेला आहे यावर अवलंबून असतो. मुंबईचे अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर आहेत. तेथे मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेकडील खिडकीत थेट ऊन जवळजवळ येत नाही. या काळात सूर्य पूर्वेच्या उत्तरेस उगवतो व पश्चिमेच्या उत्तरेस मावळतो, म्हणून उत्तरेच्या खिडक्यांतही सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते. खरी झळ बसते ती पूर्व आणि पश्चिम दिशांना. दोन्हींवर पडणारी ऊर्जा साधारण सारखीच असली, तरी पश्चिमेचे ऊन दिवसभर तापलेल्या हवेत व भिंतींत भर घालते, म्हणून ते अधिक त्रासदायक.

दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो. पश्चिमेच्या खिडकीला पुरत नाही. २२ डिसेंबरच्या सुमारास मुंबईत मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, आणि ६० सेंटिमीटर रुंदीचा छज्जा तेव्हा खाली सुमारे ६५ सेंटिमीटर सावली पाडतो. उलट, पश्चिमेच्या खिडकीसमोर सूर्य २५ अंशांपर्यंत उतरला की त्याच छज्ज्याची सावली केवळ २८ सेंटिमीटर उरते आणि बाकीची काच उघडी पडते. त्यामुळे सर्व खिडक्यांना सरसकट फिल्म लावण्याऐवजी आधी पश्चिमेच्या, मग पूर्वेच्या खिडक्यांचा विचार करणे हिताचे असते.

फिल्म काचेवर असते. ऊन आणि खोली यांच्यामध्ये काच असेल तरच ती काम करते. ही बाब उघड वाटली तरी महाराष्ट्रात तिला मोठे महत्त्व आहे. कोकणपट्टीतील दमट हवेत वातानुकूलन नसलेल्या घरांत खिडक्या दिवसभर उघड्या असतात, कारण घाम वाळण्यासाठी वारा लागतोच. तेथे फिल्मचा उपयोग नगण्य राहतो. सरकत्या खिडकीत एक तावदान दुसऱ्यामागे सरकवले की निम्मा भाग मोकळा राहतो, आणि फिल्म लावलेली दोन तावदाने एकमेकांपुढे येऊन त्यांच्यामध्ये उष्णता कोंडते. विदर्भातील घरांत कूलरची हवा बाहेर जाण्यासाठी एखादी खिडकी उघडी ठेवावी लागते. ती उन्हाच्या बाजूची नसेल, तर बंद ठेवलेल्या पश्चिमेच्या काचांवरील फिल्म तेथे चांगली कामी येते. दुपारी कोरड्या झळांमुळे दारे-खिडक्या बंद ठेवण्याची नागपूर-चंद्रपूरकडील रीत फिल्मला अधिक अनुकूल आहे.

खर्च आणि बचत

बचतीचा हिशेब एका उदाहरणाने करता येतो. पुढील आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्ष घरासाठी ते बदलून घ्यावेत. पश्चिमेची खिडकी १.२ मीटर रुंद व १.५ मीटर उंच, म्हणजे १.८ चौरस मीटर आहे. तिच्यावर ऊन प्रति चौरस मीटर ६०० वॉट पडत असताना ०.८५ गुणांकाच्या साध्या काचेतून सुमारे ९१८ वॉट उष्णता आत येते. ही एका छोट्या खोली-हीटरएवढी आहे. फिल्म लावून गुणांक ०.४५ झाल्यास ती ४८६ वॉट होते. फरक ४३२ वॉटचा. एक टनाचा वातानुकूलक सुमारे ३५०० वॉट उष्णता उपसतो, हे लक्षात घेता हा फरक त्याच्या क्षमतेच्या आठव्या हिश्शाएवढा भरतो.

विजेच्या देयकातील फरक मात्र इतका ठसठशीत नसतो. दिवसभरात या खिडकीवर प्रति चौरस मीटर १.६ किलोवॉट-तास ऊर्जा पडते असे धरल्यास फिल्ममुळे दररोज सुमारे १.१५ किलोवॉट-तास उष्णता कमी आत येते. वातानुकूलक एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता उपसत असेल, तर वाचलेली वीज दिवसाला सुमारे ०.३३ युनिट होते. १२० दिवसांच्या उन्हाळ्यात ही बचत ४० युनिटांच्या आसपास आणि १० रुपये दराने सुमारे ४०० रुपये होते. खिडकीचे क्षेत्रफळ सुमारे १९ ते २० चौरस फूट आहे. बसवणुकीसह दर १०० रुपये प्रति चौरस फूट धरला तर खर्च सुमारे २००० रुपये येतो व पाच वर्षांत वसूल होतो. दर २०० रुपये असेल तर वसुलीला दहा वर्षे लागतात, आणि ती फिल्मच्या आयुष्याच्या जवळ जातात. सावलीतल्या किंवा उत्तरेच्या खिडकीवर ही फिल्म खर्च भरून काढत नाही. ‘देयक निम्मे होईल’ अशी जाहिरात एका घराच्या संदर्भात बहुधा अतिशयोक्तीच असते. छत, भिंती, हवेची गळती आणि घरातील माणसे व उपकरणे यांची उष्णता फिल्मने कमी होत नाही. वरच्या मजल्यावरील घरात तर मोठा भार छताचा असतो आणि पहिला खर्च तिकडे करणे श्रेयस्कर.

याउलट सकाळी आठ ते संध्याकाळी सहापर्यंत वातानुकूलन चालणाऱ्या, मोठ्या काचांच्या कार्यालयात हाच हिशेब फिल्मच्या बाजूने बराच झुकतो. घरातही केवळ पैशांत न मोजता येणारा लाभ असतो: थेट ऊन अंगावर न आल्याने व आतील पृष्ठभाग कमी तापल्याने हवेचे तापमान तेच असूनही खोली सुसह्य वाटते.

खूप गडद फिल्म लावल्यास दिवसा दिवे लावावे लागतात आणि वाचलेल्या विजेचा काही भाग तेथे खर्च होतो. थंड प्रदेशांत आणखी एक तोटा संभवतो. हिवाळ्यात हवेहवेसे असलेले ऊनही फिल्म अडवते आणि तापवण्याचा खर्च वाढतो. महाराष्ट्रात हा मुद्दा गौण आहे.

बाह्य सावली आणि पारंपरिक उपाय

उष्णता अडवण्याची सर्वोत्तम जागा काचेच्या बाहेर असते. काचेवरची फिल्म हा मधला आणि आतला पडदा हा शेवटचा पर्याय. आतल्या पडद्यापर्यंत पोहोचलेली ऊर्जा घरात आलेलीच असते. ओसरी, पडवी, खोल छज्जे, लाकडी झडपा, बांबूच्या चिका, दारावर टांगून पाणी शिंपडलेले वाळ्याचे पडदे ही सगळी बाह्य सावलीचीच रूपे होत. गोव्यातील जुन्या घरांत लाकडी चौकटीत शिंपल्यांची चपटी, अर्धपारदर्शक तावदाने बसवलेली दिसतात. ‘प्लाकुना प्लासेंटा’ या जातीच्या शिंपल्यांची ही तावदाने उजेड पसरवून आत सोडतात व तिरीप मोडतात. काचेच्या आधीची ती दुधी फिल्मच म्हणावी लागेल. बहुमजली इमारतींत बाहेरून काही टांगणे धोक्याचे व बहुधा नियमबाह्य असल्याने तेथे फिल्मचे स्थान पक्के झाले आहे.

पटल काचेवर चिकटवण्याऐवजी दोन काचांच्या मध्ये ताणून बसवण्याची पद्धतही आहे. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या २०१० च्या सुमारास झालेल्या नूतनीकरणात ६,५१४ खिडक्यांच्या जुन्याच काचा इमारतीतच उतरवून, त्यांच्यामध्ये लेपयुक्त पटल व वायू भरून पुन्हा बसवण्यात आल्या.

बसवणूक व देखभाल

काच प्रथम पाते व साबणाच्या पाण्याने निर्मळ करतात. धुळीचा एखादा कणही नंतर फुगवट्यासारखा दिसतो. मग काच व गोंदाची बाजू साबणपाण्याने ओली ठेवून फिल्म ठेवतात, सरकवून जागेवर आणतात आणि रबरी पट्टीने मधून कडांकडे पाणी काढतात. चौकटीलगत एक-दोन मिलिमीटर फट सोडली जाते. राहिलेला ओलावा पूर्ण वाळण्यास काही दिवसांपासून महिनाभर लागतो व तोवर धुरकटपणा किंवा पाण्याचे बारीक फुगे दिसणे दोष मानला जात नाही. पावसाळ्यात हा काळ लांबतो. म्हणून हिवाळ्याच्या अखेरीस बसवणूक सोयीची. अमोनिया असलेली काच-स्वच्छक द्रव्ये व खरखरीत घासण्या टाळाव्या लागतात. खोलीच्या आतून लावलेली चांगली फिल्म साधारण १० ते १५ वर्षे टिकते. बाहेरून लावलेली ऊन-पावसामुळे त्याआधीच खराब होते.

धोके व मर्यादा

काच तडकणे हा यातील गंभीर धोका आहे. शोषण करणाऱ्या फिल्ममुळे काचेचा मधला भाग तापतो, तर चौकटीत दडलेल्या कडा तुलनेने थंड राहतात. तापलेला मध्य प्रसरण पावू पाहतो आणि कडांवर ताण येतो. साधी काच सुमारे ४० अंश सेल्सिअसचा तापमानफरक सहन करते. कडा खडबडीत किंवा टवके उडालेल्या असतील तर त्याहूनही कमी. कडक केलेली काच सुमारे २०० अंशांपर्यंत टिकते. जाळीची काच, आधीच रंगीत असलेली काच, मोठ्या आकाराची तावदाने, अर्धवट सावली पडणाऱ्या खिडक्या आणि बंदिस्त दुहेरी काच यांवर गडद फिल्म लावण्यापूर्वी तज्ज्ञाकडून ताणाचा अंदाज घेणे आवश्यक असते.

परावर्ती फिल्ममुळे मिळणारा आडोसा फक्त दिवसाचा असतो. आरसा नेहमी अधिक उजेडाच्या बाजूला दिसतो. रात्री घरात दिवे आणि बाहेर अंधार असताना आतले सगळे बाहेरून दिसते, व आतल्या माणसाला मात्र काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसते. रात्री पडदा लागतोच.

साधी काच अतिनील किरणांपैकी ‘ब’ गटातील बहुतेक आधीच अडवते. ‘अ’ गटातील किरण मात्र तिच्यातून येतात. चांगली फिल्म एकूण अतिनील किरणांपैकी सुमारे ९९ टक्के थोपवते. तरीही रंग उडण्यास दृश्य प्रकाश व उष्णताही कारणीभूत असल्याने फिल्म ही क्रिया मंदावते, थांबवत नाही. काचेवरील पोथ्या-चित्रांच्या प्रदर्शनासाठी फक्त फिल्मवर विसंबणे म्हणूनच पुरेसे नाही. खिडकीतील कुंड्यांना मिळणारा उजेडही गडद फिल्मने कमी होतो.

नियम

भारताच्या ऊर्जा मंत्रालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ जाहीर केली. थंड हवामान वगळता इतर हवामान विभागांत छताव्यतिरिक्तच्या बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेचे मान (आरईटीव्ही) प्रति चौरस मीटर १५ वॉटपेक्षा अधिक नसावे, असे ती सांगते. त्याचबरोबर उजेडाची किमान मर्यादाही ती घालते: भिंतीच्या तुलनेत खिडक्यांचे प्रमाण ०.३० पर्यंत असल्यास काचेची दृश्य प्रकाश पारगम्यता किमान ०.२७ हवी. व्यावसायिक इमारतींसाठीच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत उष्ण हवामानात उत्तरेखेरीज इतर दिशांच्या काचेचा सौर उष्णता लाभ गुणांक ०.२७ पेक्षा अधिक नसावा, अशी तरतूद आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांत इमारतीचे बाह्यरूप एकसारखे राहावे यासाठी आरशासारखी फिल्म लावण्यापूर्वी संस्थेची परवानगी घेण्याची पद्धत आहे.

वाहनांच्या काचांविषयीचे नियम वेगळे असून ते इमारतींना लागू होत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश जायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी वाहनांच्या काचांवर फिल्म चिकटवण्यास मनाई केली. पुढे या नियमात दुरुस्ती झाली आणि तिच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये प्रकाशाची मर्यादा पाळणारी फिल्म ग्राह्य धरली.

परिसरावरील परिणाम

परावर्ती फिल्मने अडवलेले ऊन नाहीसे होत नाही. ते समोरच्या इमारतीवर किंवा रस्त्यावर जाते. अरुंद गल्लीत समोरासमोर असलेल्या इमारतींत हा शेजाऱ्यांमधील वादाचा विषय होऊ शकतो. आरशासारख्या काचेत आकाश व झाडे प्रतिबिंबित झाल्याने पक्षी तिच्यावर आदळण्याचा धोकाही वाढतो. यावर उपाय म्हणूनही फिल्मच वापरतात: काचेच्या बाहेरील बाजूस सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावर ठिपके किंवा रेघा असलेली नक्षीदार फिल्म लावल्यास पक्ष्यांना अडथळा ओळखू येतो. वापरून झालेली फिल्म गोंद, धातू व पॉलिएस्टर यांचे एकजीव मिश्रण असल्याने तिचा पुनर्वापर अवघड असून ती बहुतेक ठिकाणी सुक्या कचऱ्यात जाते.